दुसऱ्याच्या नावाची नाममुद्रा : ‘रॅपर्स डिलाइट’च्या सावलीत राहिलेली गाणी

१/
१९७९ साली न्यू जर्सीतील एका छोट्या कंपनीने एक लांबलचक गाणे प्रसिद्ध केले. त्यातील दुसरा गायक आपली ओळख करून देताना स्वतःच्या नावाची अक्षरे एकेक करून उच्चारतो. पण ते नाव त्याचे नाहीच. ते ब्राँक्समधील दुसऱ्याच एका तरुणाचे आहे. गाणे जगभर गाजले आणि त्या तरुणाचे नाव लाखो तबकड्यांवर कोरले गेले. त्याला मात्र ना श्रेय मिळाले ना मानधन. हा धागा त्या तरुणाविषयी आहे, आणि त्या प्रसिद्ध गाण्याच्या सावलीत झाकोळलेल्या काही रॅप गाण्यांविषयीही.

२/
मराठी वाचकाला नाममुद्रा नवी नाही. अभंगाच्या अखेरीस ‘तुका म्हणे’ आले की रचना कोणाची हे निराळे सांगावे लागत नाही. शाहिरांच्या लावण्या-पोवाड्यांतही हीच रीत आढळते. ब्राँक्सच्या तरुणांनी ही प्रथा आपल्या परीने स्वतंत्रपणे घडवली होती. कवनात स्वतःचे नाव गुंफायचे, म्हणजे ते कोणी पळवले तरी चोरी उघडी पडेल. ‘रॅपर्स डिलाइट’मध्ये नेमके तेच घडले. कवन उचलले गेले आणि त्यातील मूळ कवीचे नाव तसेच राहून गेले.

३/
आधी थोडी पार्श्वभूमी. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधील १५२०, सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीच्या सभागृहात सिंडी कॅम्पबेल या मुलीने एक पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घेता यावेत, एवढाच तिचा हेतू होता. मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट प्रवेशशुल्क होते. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता. जमैकातून आलेला हा मुलगा पुढे ‘डीजे कूल हर्क’ म्हणून ओळखला गेला. हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून आज हीच तारीख मानली जाते.

४/
हर्कच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. गाण्यातला गायकाचा आवाज थांबून नुसते ढोल आणि ताल उरतात, त्या काही सेकंदांत नाचणारे सर्वाधिक बेभान होतात. या तुकड्याला ‘ब्रेक’ म्हणत. त्याने एकामागून एक ब्रेक वाजवत ती काही सेकंदे मिनिटांपर्यंत ताणली. त्यावर त्याचा मित्र कोक ला रॉक ध्वनिक्षेपकातून मित्रांची नावे घेई, चुरचुरीत वाक्ये फेकी. या फेकलेल्या वाक्यांतूनच पुढे यमके, कडवी आणि संपूर्ण कवने उभी राहिली. डीजेच्या सोबतीला असलेला ‘एमसी’ हळूहळू रंगमंचाच्या मध्यभागी आला.

५/
आश्चर्य असे की १९७३ ते १९७९ या सहा वर्षांत या कलेची एकही व्यावसायिक तबकडी निघाली नाही. त्यामागे कारण होते. ही तासन्तास चालणारी, समोरच्या गर्दीवर पोसलेली कला होती. दुसऱ्यांच्या तबकड्यांवर बोललेले शब्द पुन्हा तबकडीवर छापून विकत कोण घेणार, असा प्रश्न खुद्द कलावंतांनाच पडत असे. त्यामुळे रॅपच्या पहिल्या सहा वर्षांचा इतिहास तबकड्यांत सापडत नाही. तो हाताने रंगवलेल्या जाहिरातपत्रकांत, लोकांच्या आठवणींत आणि कॅसेटींत विखुरलेला आहे.

६/
कॅसेट हेच त्या काळाचे खरे प्रकाशन होते. पार्टीत ध्वनिमुद्रित केलेली कॅसेट हातोहात विकली जाई. तिची प्रत निघे, मग प्रतीचीही प्रत निघे. डिसेंबर १९८१ मध्ये ‘हार्लेम वर्ल्ड’ या क्लबात कूल मो डी आणि बिझी बी यांचा प्रसिद्ध सामना झाला, तोही असाच टिकला. कलगी-तुऱ्याच्या फडात प्रतिपक्षाला शब्दांनी निरुत्तर करावे, तसे मो डीने बिझी बीला केले. गर्दीला हसवणाऱ्या एमसीपेक्षा शब्दांवर पकड असलेला एमसी श्रेष्ठ, हा कौल त्या रात्री लागला असे अनेक जाणकार मानतात. तो कौल आपल्यापर्यंत पोहोचला तो कॅसेटवरून.

७/
मग पहिली रॅप तबकडी कोणती? बहुतेक जण ‘रॅपर्स डिलाइट’चे नाव घेतात. पण त्याच वर्षी, त्याच्या आधी, ब्रुकलिनच्या ‘फॅटबॅक बँड’ने ‘किंग टिम थर्ड (पर्सनॅलिटी जॉक)’ हे गाणे काढले होते. ‘यू आर माय कँडी स्वीट’ या गाण्याच्या तबकडीच्या मागच्या बाजूस ते होते. गायक होता टिम वॉशिंग्टन. कंपनीला पुढच्या बाजूवर भरवसा होता. श्रोत्यांना मागची बाजू आवडली. रॅपच्या इतिहासात तबकडीच्या मागच्या बाजूने पुढे असे मोठे पराक्रम गाजवले, त्यांची सुरुवात इथून झाली असे म्हणता येईल.

८/
या गाण्याच्या नावातच एक धागा दडलेला आहे. ‘पर्सनॅलिटी जॉक’ म्हणजे कृष्णवर्णीय रेडिओकेंद्रांवरचा चटपटीत निवेदक. रॅपच्या कितीतरी आधीपासून हे निवेदक गाण्यांच्या मध्ये यमकांत बोलत असत. फिलाडेल्फियाचा जॉको हेंडरसन हा त्यांतला अग्रणी. १९७९ मध्ये साठी ओलांडलेल्या जॉकोने ‘ऱ्हिदम टॉक’ नावाची तबकडी काढली. नातवंडांच्या वयाच्या मुलांची ही कला आपल्या पिढीला अनोळखी नाही, हेच जणू त्याने दाखवून दिले. रॅपचा वंशवृक्ष ब्राँक्सपेक्षा जुना आहे, याचा हा ऐकता येणारा पुरावा. तरीही तो आज क्वचितच कोणाच्या कानी पडतो.

९/
आता मूळ प्रसंगाकडे. ‘शुगर हिल रेकॉर्ड्स’ची सिल्व्हिया रॉबिन्सन ही स्वतः गायिका आणि निर्माती. या नव्या कलेत व्यवसाय आहे हे तिने अचूक ओळखले. गायक मात्र तिने ब्राँक्समधून आणले नाहीत. न्यू जर्सीतील एंगलवुड गावात पिझ्झाच्या दुकानात काम करणारा हेन्री जॅक्सन ऊर्फ बिग बँक हँक तिला सापडला. वंडर माइक आणि मास्टर जी यांना जोडून ‘शुगरहिल गँग’ उभी राहिली. हँक हा ब्राँक्समधील एका एमसीचा व्यवस्थापक म्हणून वावरत असे. त्याची स्वतःची कवने मात्र नव्हती.

१०/
तो एमसी होता ग्रँडमास्टर कॅझ. त्याचे आधीचे नाव ‘कॅसानोव्हा फ्लाय’. कॅझच्या सांगण्यानुसार हँक त्याच्याकडे आला आणि त्याने कवने मागितली. कॅझने आपली वही त्याच्यापुढे टाकली व हवे ते घे म्हणून सांगितले. यातून काही चांगले घडले तर आपलाही विचार होईल, अशी त्याची समजूत होती. हँकने कवने घेतली, पण त्यांतले नाव बदलायचे भानही राखले नाही. म्हणूनच गाण्यात तो ‘कॅसानोव्हा फ्लाय’ या नावाचा अक्षरोच्चार आपले नाव म्हणून करतो.

११/
सप्टेंबर १९७९ मध्ये गाणे बाजारात आले. पूर्ण आवृत्ती साडेचौदा मिनिटांची होती. जानेवारी १९८० मध्ये ते बिलबोर्डच्या मुख्य यादीत ३६ व्या स्थानापर्यंत पोहोचले. गाण्याचा पाया ‘शिक’ या समूहाच्या ‘गुड टाइम्स’मधील बेसच्या धूनवर रचलेला होता. नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स या तिच्या रचनाकारांनी कायदेशीर कारवाईचा इशारा दिला, आणि गाण्याचे श्रेय त्यांच्या नावे लागले. कॅझच्या वाट्याला असे काही आले नाही.

१२/
इथे क्षणभर थांबावे लागेल. एकाच गाण्यात दोन उसनवाऱ्या होत्या. धून ज्यांची, त्यांच्यामागे मोठी कंपनी होती, नोंदणीकृत स्वामित्वहक्क होता आणि वकील होते. शब्द ज्याचे, त्याच्याकडे एक वही होती आणि त्या वहीतली कवने ऐकलेला परिसर होता. मौखिक कला बाजारात उतरते, तेव्हा कागदावर नोंदलेले तेवढे मालकीचे ठरते. जे केवळ सर्वांना ठाऊक असते, ते कोणाचेच राहत नाही. कॅझचा दावा ब्राँक्समध्ये सर्वमान्य होता. ब्राँक्सबाहेर त्याची दखल घ्यायला अनेक वर्षे जावी लागली.

१३/
‘रॅपर्स डिलाइट’च्या यशानंतर लहान कंपन्यांची झुंबड उडाली. त्यांतली सर्वांत महत्त्वाची ‘एन्जॉय रेकॉर्ड्स’. तिचा मालक बॉबी रॉबिन्सन. सिल्व्हिया रॉबिन्सनशी त्याचे नाते नव्हते, आडनाव तेवढे एक. हार्लेमच्या १२५ व्या रस्त्यावर त्याचे तबकड्यांचे दुकान १९४६ पासून होते. १९५९ मध्ये विल्बर्ट हॅरिसनचे ‘कॅन्सस सिटी’ त्यानेच काढले आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. पिढी बदलली तरी दुकानाच्या दारात उभे राहून रस्त्यावरचे संगीत ऐकण्याची त्याची सवय सुटली नव्हती. रस्त्यावरचे खरे एमसी तबकडीवर आणण्याचे मोठे श्रेय त्याचे.

१४/
१९७९ मध्येच ‘एन्जॉय’ने ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांचे ‘सुपररॅपिन’ काढले. सुमारे १२ मिनिटांच्या या गाण्यात पाच एमसी एकमेकांच्या तोंडातला शब्द झेलत जातात. एकाने ओळ सुरू करावी, दुसऱ्याने तोडावी, तिसऱ्याने संपवावी, हा खेळ कित्येक रात्रींच्या सरावाशिवाय जमणारा नाही. ‘रॅपर्स डिलाइट’मध्ये तिघे आळीपाळीने येतात; इथे पाच जण एका देहासारखे बोलतात. ब्राँक्सच्या पार्टीत प्रत्यक्षात काय चालत असे, याची कल्पना ज्याला हवी असेल, त्याने हे गाणे आधी ऐकावे.

१५/
याच गाण्यात मध्येच मेली मेल एक कडवे म्हणतो. गरिबीत जन्मलेल्या मुलाचे बालपण, त्याच्या भोवतीची मोहक गुन्हेगारी आणि अखेर तुरुंगातला त्याचा शेवट, असा त्याचा आशय आहे. नाचाच्या जोशात ते कडवे कोणाच्या फारसे ध्यानात आले नाही. तीन वर्षांनी, १९८२ मध्ये, तेच कडवे ‘द मेसेज’च्या शेवटी आले. संथ, घुसमटलेल्या तालावर त्याच शब्दांना निराळे वजन आले. रॅपला सामाजिक भान देणारे गाणे म्हणून ‘द मेसेज’ अभ्यासक्रमांत पोहोचले. त्याचे बीज मात्र एका विसरलेल्या नाचगाण्यात होते.

१६/
‘द मेसेज’ची कथाही श्रेयाच्या प्रश्नापासून मुक्त नाही. तबकडीवर नाव फ्लॅश आणि पाचही जणांचे. पण गाण्याची मूळ कल्पना आणि बहुतांश शब्द होते कंपनीतील तालवादक ड्यूक बूटी याचे. प्रत्यक्ष रॅप त्याने आणि मेली मेलने केले. ज्याच्या नावाने समूह ओळखला जातो, त्या फ्लॅशचा या ध्वनिमुद्रणात सहभाग नव्हता. २००२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतनयोग्य ध्वनिमुद्रणांची पहिली यादी केली; त्यात या गाण्याचा समावेश झाला. ‘सुपररॅपिन’ला तसा मान मिळालेला नाही.

१७/
बॉबी रॉबिन्सनचा पुतण्या स्पूनी जी याचे पहिले गाणे मात्र काकाने काढले नव्हते. १९७९ मध्ये दुसऱ्याच एका छोट्या कंपनीकडून आलेले ‘स्पूनिन रॅप’ हे ते गाणे. एकटा एमसी आणि त्याच्या आवाजामागे घुमणारा प्रतिध्वनी. प्रेमाच्या बढाया मारता मारता तो अचानक तुरुंगातल्या दिवसांकडे वळतो आणि ऐकणाऱ्याला सावध करतो. समूहाने गर्दीला साद घालण्याच्या त्या काळात एका माणसाने सलग, संथपणे गोष्ट सांगावी, हे नवे होते. रस्त्यावरच्या आयुष्याच्या कथा सांगणाऱ्या पुढच्या रॅपचे मूळ अनेक जण या गाण्यात शोधतात.

१८/
पुढे स्पूनी ‘एन्जॉय’कडे आला. १९८० मध्ये ट्रेचरस थ्री या समूहासोबत त्याने ‘द न्यू रॅप लँग्वेज’ केले. नाव मोठे वाटले तरी ते पोकळ नव्हते. कूल मो डी आणि साथीदारांनी शब्दांचा वेग जवळजवळ दुप्पट केला होता. तोवर रॅपची लय चालण्याची होती. इथे ती धावू लागली. एका मात्रेत किती अक्षरे बसवता येतील आणि तरीही प्रत्येक अक्षर स्पष्ट ऐकू येईल, हा प्रश्न प्रथम या गाण्याने तबकडीवर मांडला. आजच्या अतिवेगवान रॅपच्या चाहत्यांना हे गाणे ऐकून आपले पूर्वज भेटल्यासारखे वाटेल.

१९/
या काळाचे प्रचलित चित्र पुरुषांचे आहे. तबकड्या वेगळीच साक्ष देतात. १९७९ मध्येच फिलाडेल्फियाच्या लेडी बी हिने ‘टू द बीट यॉल’ हे गाणे काढले. स्त्रीने एकटीने केलेल्या अगदी पहिल्या रॅप तबकड्यांत त्याची गणना होते. हार्लेममध्ये पॉल विन्ली या कंपनीमालकाच्या मुली, पॉलेट आणि टान्या, याच सुमारास रॅप ध्वनिमुद्रित करत होत्या. लेडी बी पुढे रेडिओवर गेली आणि तिने आपल्या शहराला हिप-हॉप ऐकायला शिकवले. इतरांची गाणी लोकांपर्यंत नेणाऱ्या या बाईचे स्वतःचे गाणे मात्र मागे पडले.

२०/
त्याच वर्षी ‘शुगर हिल’ने ‘फंक यू अप’ काढले. गायिका होत्या साउथ कॅरोलायनातील कोलंबिया शहराच्या तीन मुली, समूहाचे नाव ‘द सीक्वेन्स’. शुगरहिल गँग त्यांच्या गावी कार्यक्रमाला आली असता त्या रंगमंचामागे पोहोचल्या आणि तिथेच गाऊन दाखवून त्यांनी सिल्व्हियाला जिंकले. अमेरिकेच्या दक्षिणेतून रॅप नव्वदीच्या दशकात आले, असे सर्रास सांगितले जाते. हे गाणे त्या समजुतीला छेद देते. तिघींपैकी अँजी बी पुढे अँजी स्टोन या नावाने सोल गायिका म्हणून विख्यात झाली. १९९५ मध्ये डॉ. ड्रेने या गाण्यातील लकब आपल्या गाण्यात वापरली, तेव्हा तिचा उगम फार थोड्यांना ओळखता आला.

२१/
ब्राँक्सची शा-रॉक ही ‘फंकी फोर प्लस वन’ या समूहातील ‘प्लस वन’. नावावरून ती जोडीला घेतलेली वाटते. ऐकल्यावर ती समूहाचा कणा असल्याचे कळते. १९७९ मध्ये ‘एन्जॉय’ने काढलेले त्यांचे ‘रॅपिन अँड रॉकिंग द हाउस’ हे या मालिकेतले सर्वांत आनंदी गाणे म्हणावे लागेल. १४ फेब्रुवारी १९८१ रोजी डेबी हॅरीच्या आमंत्रणावरून हा समूह ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या राष्ट्रीय दूरचित्रवाणी कार्यक्रमात झळकला. ब्राँक्सचे रॅप तिथे पहिल्यांदा पोहोचले, तेव्हा त्या समूहात एक तरुणी होती, हे विसरता कामा नये.

२२/
‘द मेसेज’च्या दोन वर्षे आधी, १९८० मध्ये, ब्रुकलिनमधून एक गाणे आले होते : ‘हाउ वी गॉन्ना मेक द ब्लॅक नेशन राइज?’ कलावंत होते ब्रदर डी विथ कलेक्टिव्ह एफर्ट, कंपनी ‘क्लॅपर्स’. ब्रदर डी हा गणिताचा शिक्षक होता. शेरिल लिनच्या ‘गॉट टू बी रिअल’ या लोकप्रिय डिस्को गाण्याच्या धर्तीचा ठेका आणि त्यावर बेकारी, वंशद्वेष, दूषित हवापाणी यांविषयीचे थेट आवाहन, अशी त्याची रचना. लोक नाचत असताना त्यांना नाचण्यापलीकडे काय करायचे आहे, असे विचारणारे हे गाणे आहे.

२३/
मग स्मरण ‘द मेसेज’चे झाले, याचे का नाही? ‘क्लॅपर्स’ ही रेगे संगीत काढणारी लहान कंपनी. ‘शुगर हिल’सारखे वितरण तिच्याकडे नव्हते. दुसरे कारण आशयातच आहे. ‘द मेसेज’ दुःखाचे चित्र दाखवून थांबते, त्यामुळे ते कोणालाही आपलेसे करता येते. ब्रदर डीचे गाणे संघटित व्हा म्हणून सांगते, आणि कोणाला उद्देशून सांगतो आहोत हेही स्पष्ट करते. असे गाणे रेडिओला अवघड जाते. सात-आठ वर्षांनी पब्लिक एनिमीने हाच सूर लावला, तेव्हा जगाला तो सर्वस्वी नवा वाटला.

२४/
या यादीतले सर्वांत विलक्षण गाणे म्हणजे १९८३ चे ‘बीट बॉप’. निर्माता होता चित्रकार जाँ-मिशेल बास्किया. रॅप करणारे रॅमेलझी आणि के-रॉब. बास्कियाने शब्द लिहून आणले होते; दोघांनी ते बाजूला ठेवले आणि आपल्या मनाचे म्हटले, अशी हकिकत सांगितली जाते. एक जण रस्त्यावरचा साधा मुलगा, दुसरा नाकात बोलणारा, चक्रावून टाकणारा रॅमेलझी. दहा मिनिटे हे दोघे एकमेकांशी आणि आपल्याशीच बोलत राहतात. मागे व्हायोलिन कण्हते, आवाज प्रतिध्वनीत विरघळत जातात. रॅपमध्ये याआधी असे काही झाले नव्हते.

२५/
बास्कियाने स्वतःच्या नाममात्र कंपनीकडून तबकडीच्या केवळ ५०० प्रती काढल्या. वेष्टणावरचे काळे-पांढरे चित्रही त्याचेच. पुढे ‘प्रोफाइल रेकॉर्ड्स’ने ते गाणे व्यापक प्रमाणात आणले. आज मूळ प्रती लिलावात हजारो डॉलरना जातात. विकत घेणारे बहुधा वेष्टणासाठी पैसे मोजतात. तबकडी भिंतीवर लागते, गाणे ऐकलेच जाते असे नाही. सायप्रेस हिल आणि बीस्टी बॉइज यांच्या अनुनासिक उच्चारशैलीवर रॅमेलझीची छाप दिसते ती चित्रसंग्राहकांमुळे नव्हे. ज्यांनी ते गाणे झिजेपर्यंत ऐकले त्यांच्यामुळे.

२६/
ही गाणी विस्मृतीत का गेली? एक कारण व्यावसायिक आहे. ही सारी सुटी बारा इंची तबकड्यांची गाणी होती. अल्बम जवळजवळ नव्हतेच. छोट्या कंपन्या बुडाल्या आणि त्यांचे हक्क हातोहात फिरले. दुसरे कारण सौंदर्याभिरुचीचे. या तबकड्यांवर प्रामुख्याने वादकांचे ताफे वाजत. १९८३ मध्ये रन-डीएमसीने ‘इट्स लाइक दॅट’ काढले. त्याच्या मागच्या बाजूवरील ‘सकर एमसीज’मध्ये जवळजवळ फक्त ड्रम मशीनचा ठोका आणि आवाज होता. त्या एका तबकडीने आधीचे सर्व काही रातोरात ‘जुने’ ठरवले. चार वर्षांपूर्वीच्या कलावंतांना ‘ओल्ड स्कूल’ म्हटले जाऊ लागले, तेव्हा त्यांतले बरेचसे पंचविशीही ओलांडलेले नव्हते.

२७/
आणि तरीही ती टिकली, याचे श्रेय चाहत्यांना द्यावे लागते. कोणी कॅसेटींच्या प्रती जपल्या, कोणी जुन्या दुकानांच्या तळघरांतून तबकड्या शोधल्या, कोणी बडी एस्क्वायरने रेखाटलेली जाहिरातपत्रके फेकून दिली नाहीत. अशाच संग्रहांतून २००७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात हिप-हॉपचे स्वतंत्र दप्तर उभे राहिले. पार्टीची तारीख, जागा, कलावंतांची नावे यांचा पुरावा म्हणून आज अभ्यासक तीच पत्रके उघडतात. ज्या कलेची अधिकृत नोंद कोणी ठेवली नाही, तिचे पहिले अभिलेखपाल तिचे श्रोतेच होते.

२८/
कॅझचे काय झाले? ‘कोल्ड क्रश ब्रदर्स’ या समूहासोबत तो कॅसेटींवर गाजत राहिला. १९८३ च्या ‘वाइल्ड स्टाइल’ या चित्रपटात तो दिसतो. २०१५ मध्ये मॅकलमोर आणि रायन लुइस यांनी ‘डाउनटाउन’ या गाण्यात त्याला, मेली मेलला आणि कूल मो डीला एकत्र आणले. या धाग्यात भेटलेले तिघेही त्यात आहेत. न्यूयॉर्कमध्ये हिप-हॉपच्या स्थळांची सफर घडवणारा मार्गदर्शक म्हणूनही कॅझने काम केले. बिग बँक हँक नोव्हेंबर २०१४ मध्ये वारला. गाणे अजूनही लग्नांत, पार्ट्यांत, चित्रपटांत वाजते, आणि प्रत्येक वेळी एका माणसाच्या तोंडून दुसऱ्याचे नाव ऐकू येते.

२९/
ज्यांना ऐकून पाहायचे आहे त्यांच्यासाठी क्रम असा ठेवता येईल : प्रथम ‘किंग टिम थर्ड’, मग ‘ऱ्हिदम टॉक’, त्यानंतर ‘सुपररॅपिन’ आणि लगेच ‘द मेसेज’, म्हणजे ते कडवे दोन्हीकडे पडताळता येईल. मग ‘स्पूनिन रॅप’, ‘द न्यू रॅप लँग्वेज’, ‘टू द बीट यॉल’, ‘फंक यू अप’, ‘रॅपिन अँड रॉकिंग द हाउस’, ब्रदर डी आणि अखेरीस रात्री, शांततेत, ‘बीट बॉप’. सर्वांत शेवटी ‘रॅपर्स डिलाइट’ पुन्हा एकदा. दुसरा गायक आपल्या नावाची अक्षरे उच्चारू लागेल, तेव्हा ती कोणाची आहेत हे आता ठाऊक असेल.

(धागा समाप्त)